पाण्यात पाइल ठोकताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या किनाऱ्यावर धक्का, जेटी किंवा पूल बांधताना पाण्याच्या तळात पाइल, म्हणजे लांब खांब, ठोकतात. त्या आवाजाचा देवमासे, डॉल्फिन, सील यांना त्रास होतो, म्हणून त्यासाठी सरकारी परवाना लागतो. मागच्या अंकात त्याची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ज्या प्राण्यांना वाचवायचे, त्यांनाच ‘त्रास देण्याचा परवाना’ सरकार देते हे वाचून धक्का बसला. मग कायदा कशासाठी?

मूळ कायदा बंदीचाच आहे. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने या प्राण्यांना मारणे, पकडणे, त्यांची शिकार करणे किंवा त्यांना छळणे, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, यावर बंदी घातली. आवाजामुळे डॉल्फिन मादीचे पिलाला पाजणे खंडित झाले किंवा सीलला खाणे सोडून जागा बदलावी लागली, तर तेही छळणेच ठरते. एवढी रुंद बंदी शब्दशः पाळायची तर फेरीबोटीचा जुना धक्कासुद्धा दुरुस्त करता येणार नाही. म्हणून एक अपवाद ठेवला आहे : काम कायदेशीर असावे, प्राण्यांना त्रास देणे हा त्याचा हेतू नसावा आणि होणारा त्रास कामाच्या ओघात होणारा असावा.

१९९४ च्या दुरुस्तीने त्रासाचे दोन स्तर ठरवले. लेव्हल ए म्हणजे इजा होण्याची शक्यता. पाइलिंगच्या बाबतीत ही इजा बहुतेक वेळा कानाची असते. लेव्हल बी म्हणजे खाणे, स्थलांतर, पिलांना पाजणे, विसावणे अशा वर्तनात व्यत्यय येण्याची शक्यता. एक वर्षाचा परवाना एवढ्यापुरताच असतो. गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याची शक्यता असेल, तर स्वतंत्र नियम करून जास्तीत जास्त ५ वर्षांचे अधिकारपत्र घ्यावे लागते.

परवाना मिळायचा तर बाधित प्राण्यांची संख्या थोडी असावी लागते (नोआ फिशरीज ही परवाना देणारी सरकारी संस्था त्या समूहाच्या एक-तृतीयांशापर्यंतची संख्या थोडी मानते), एकूण समूहावरचा परिणाम नगण्य असावा लागतो आणि जिथे मूळ रहिवासी उपजीविकेसाठी या प्राण्यांवर अवलंबून आहेत, तिथे त्यांची अडचण होता कामा नये. शिवाय परिणाम शक्य तितका कमी करण्याच्या अटी असतात. प्राण्यांना खरे संरक्षण या अटींमधूनच मिळते, त्यामुळे परवाना वाचायला घेतला की आधी तीच पाने उघडावीत.

प्रश्न : परवान्यातली १६० डेसिबलची मर्यादा म्हणजे जेट विमानापेक्षा मोठा आवाज ना?

नाही. हवेतले डेसिबल २० मायक्रोपास्कल इतक्या दाबाच्या तुलनेत मोजतात आणि पाण्यातले १ मायक्रोपास्कलच्या. नुसत्या या फरकाचे २६ डेसिबल होतात. पाणी हवेपेक्षा कितीतरी घन, आणि त्यात ध्वनीचा वेगही जास्त. त्यामुळे सारख्याच तीव्रतेच्या आवाजासाठी आणखी सुमारे ३६ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा केल्याशिवाय हवेतल्या आकड्याशी तुलना करू नये. आणि वजा केल्यावरही डॉल्फिनला तो आवाज माणसासारखाच ऐकू येतो असे मानू नये.

प्रश्न : मी बंदराच्या कामावर अभियंता आहे. पाइल थरथरवत तळात घालणारा व्हायब्रो हॅमर वरून ठोके देणाऱ्या इम्पॅक्ट हॅमरपेक्षा शांत असतो, तरी परवान्याच्या नकाशात त्रासाच्या क्षेत्राचे त्याचेच वर्तुळ मोठे का दाखवतात?

नकाशा बरोबर आहे. दोन्ही आवाजांची जात वेगळी, म्हणून लेव्हल बीची मर्यादाही वेगळी. इम्पॅक्ट हॅमरचा ठोका तुटक असतो. त्याला १६० डेसिबलची मर्यादा लागू होते. व्हायब्रो हॅमरची घरघर अखंड चालते. तिला १२० डेसिबलची.

आता हिशेब करून पाहा. उथळ पाण्यात आवाज किती घटतो हे प्रत्यक्ष मोजलेले नसेल, तर अंतर दसपट झाल्यावर १५ डेसिबल घट धरतात. एखाद्या पाइलचा इम्पॅक्ट हॅमरखाली १० मीटरवरचा आवाज १९० डेसिबल आहे असे धरा. १६० पर्यंत उतरायला ३० डेसिबल कमी व्हायला हवेत, म्हणजे दसपटीच्या दोन पायऱ्या. १० चे १०० आणि १०० चे १,००० मीटर. तोच पाइल व्हायब्रो हॅमरने घातला आणि १० मीटरवर १६५ डेसिबल आले, तर १२० पर्यंत ४५ डेसिबल उतरायचे, म्हणजे तीन पायऱ्या. अंतर १० किलोमीटर झाले. उगमापाशी २५ डेसिबलने सौम्य असलेल्या यंत्राच्या वर्तुळाची त्रिज्या दहापट निघाली.

प्रत्यक्षात हे वर्तुळ पूर्ण कधीच नसते. भूशिर, बेट किंवा लाटरोधक बांध आड आला की त्यामागच्या पाण्यात आवाज फारसा पोहोचत नाही, म्हणून नकाशावर किनाऱ्याच्या रेषेने कापलेला तुकडा दिसतो. गजबजलेल्या बंदरात बोटींचा आवाजच १२० च्या वर असू शकतो. तसे मोजमाप सादर केले तर क्षेत्र आणखी लहान करून मिळू शकते.

इजेचे गणित मात्र उलटे आहे. त्यात दिवसभरात कानावर पडलेली एकूण ध्वनिऊर्जा मोजतात. एका ठोक्याच्या पातळीत ठोक्यांच्या संख्येच्या लॉगरिदमची दहापट मिळवायची; १,००० ठोक्यांना ३० डेसिबल वाढतात. म्हणून इजेच्या क्षेत्रात बहुधा इम्पॅक्ट हॅमरच भारी पडतो. दिवसाचे ठोके २,००० वरून १,००० वर आणले तर ३ डेसिबल कमी होतात आणि त्रिज्या सुमारे ३७ टक्क्यांनी आखडते. रोज एक पाइल कमी ठोकणे हा तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच वेळापत्रकाच्या बैठकीत आधी खोडला जातो.

प्रश्न : बुडबुड्यांच्या पडद्याने खरेच आवाज कमी होतो का? आमच्या वाचनात फार वेगवेगळे आकडे आले.

होतो, पण पडदा नीट बसवला तरच. पाण्यातून आलेला ध्वनी हवेच्या बुडबुड्यांवर आदळून परावर्तित होतो, विखुरतो, काही शोषला जातो. पाइलभोवती भोके पाडलेल्या नळीचे कडे तळाशी ठेवतात आणि कंप्रेसरने त्यात हवा सोडतात. पाणी खोल असेल तर वर आणखी कडी लागतात. अमेरिकेतल्या परवान्यांत अशा पडद्यासाठी बहुधा ५ डेसिबलच घट धरतात. आकडा छोटा वाटेल, पण वरच्या हिशेबात १,००० मीटरची त्रिज्या त्याने साधारण ४६४ मीटरवर येते आणि क्षेत्रफळ जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर.

परवान्यातली पडद्याची अट अशी असते : बुडबुडे पाइलच्या पूर्ण घेराभोवती आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत पाण्याच्या पूर्ण खोलीत असावेत, सर्वांत खालचे कडे पूर्ण घेरात तळाला टेकलेले असावे, त्याला पुरेशी वजने बांधलेली असावीत आणि हवेचा प्रवाह सगळीकडे सारखा असावा. घोटाळे याच ठिकाणी होतात. तळाला दगड किंवा जुन्या पाइलचा बुंधा असेल तर कडे एका बाजूने उचललेले राहते, आणि आवाजाला तेवढी फट पुरते. हवा एकाच टोकाने सोडली तर जवळच्या भोकांतून फसफसून निघते आणि लांबच्या बाजूला मोजके बुडबुडे उरतात. नळी गाळात रुतली की भोके बुजतात. म्हणून पहिल्या ठोक्याआधी कंप्रेसर सुरू करून पृष्ठभागावर उमटणारे वलय पाहावे. ते कुठे तुटले असेल तर काम सुरू करू नये. ओहोटीची ओढ जोरात असेल तर बुडबुडे वर येईपर्यंत वाहत जातात आणि पाइलची एक बाजू उघडी पडते. तिथे पाइलभोवती मोठा पोकळ नळा उतरवून बुडबुडे त्याच्या आत कोंडावे लागतात.

पडदा कितीही चांगला बसवला तरी एक वाट उरतेच. हॅमर पडला की पोलाद आखडते आणि बाजूने फुगते. ही लाट पोलादातून सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने खाली जाते, तर पाण्यात ध्वनीचा वेग साधारण १,५०० मीटर असतो. त्यामुळे आवाज पाइलमधून तिरका निघतो. त्यातला काही भाग गाळात शिरतो आणि पडद्याच्या पलीकडे पुन्हा पाण्यात येतो. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच हायड्रोफोनने (पाण्यातल्या मायक्रोफोनने) आवाज मोजावा आणि अर्जात धरलेली घट मिळत नसेल तर क्षेत्र वाढवून घ्यावे.

प्रश्न : प्राण्यांवर नजर ठेवणारे निरीक्षक नेमके काय करतात? दुर्बीण घेऊन बसणे एवढेच का?

बसण्याआधी बरेच ठरलेले असते. निरीक्षकाकडे त्या पाळीत दुसरे काम नसावे. क्रेनच्या माणसाला ‘जरा पाण्याकडेही बघ’ म्हणणे चालत नाही. एक जण पाइलजवळ, जिथून काम थांबवण्याचे क्षेत्र पूर्ण दिसेल अशा ठिकाणी. बाकीचे उंचावर किंवा बोटीवर, मोठ्या क्षेत्राच्या कडेला.

काम सुरू होण्याआधी ३० मिनिटे पाणी न्याहाळतात. मग हळू सुरुवात : कमी जोराचे तीन ठोके, ३० सेकंद थांबणे, पुन्हा तीन, पुन्हा थांबणे, पुन्हा तीन. त्यानंतरच पूर्ण जोर. इम्पॅक्ट हॅमर ३० मिनिटे किंवा अधिक बंद राहिला तर हे सगळे पहिल्यापासून. जवळच्या प्राण्याला निघून जायला वेळ मिळावा हा हेतू. पण चिंचोळ्या खाडीत प्राणी बाहेर न जाता आतच सरकू शकतो, म्हणून आतल्या अंगालाही एक निरीक्षक असलेला बरा.

थांबवण्याच्या क्षेत्रात प्राणी शिरताना दिसला की रेडिओवरून ‘थांबा’ येते आणि हॅमर थांबतो. तिथे चर्चा नसते. प्राणी स्वतःहून बाहेर गेलेला दिसला, किंवा लहान प्राण्यांच्या बाबतीत १५ मिनिटे पुन्हा दिसला नाही, की काम पुढे. मोठ्या देवमाशांसाठी बऱ्याचदा ३० मिनिटे ठेवतात. आवाजाचा प्रश्न नसला तरी कोणत्याही अवजड यंत्राच्या १० मीटरच्या आत प्राणी आला तर यंत्र थांबवायचे, कारण तिथे टक्कर होण्याचा धोका असतो.

ठेकेदाराची कुरकूर इथे समजून घ्यावी. चिकणमातीत पाइल अर्ध्यावर थांबला की माती त्याला पुन्हा घट्ट धरते आणि पुढचे ठोके जास्त लागतात. ठोके वाढले की आवाजही वाढला. म्हणून क्षेत्राच्या कडेशी प्राणी घुटमळत असेल किंवा मावळतीला तासभरच उरला असेल, तर नवा पाइल हाती घेऊच नये.

प्रश्न : धुके असेल किंवा रात्र झाली तर?

थांबवण्याचे पूर्ण क्षेत्र दिसत नसेल तर सुरुवात करायची नाही. किनाऱ्याजवळच्या कामांना बहुतेक परवाने दिवसाउजेडीच पाइलिंग करू देतात. लाटांचाही विचार हवा : पॉर्पॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याची पाठ इतकी लहान असते आणि ती पाण्यावर इतका थोडा वेळ दिसते की वारा-लाटांच्या ब्यूफोर्ट मापावर समुद्र २ च्या वर खवळला की ती सहज निसटते.

प्रश्न : अर्ज करताना सर्वसाधारणपणे काय चुकते?

तात्पुरते पाइल विसरतात. कायमचे पाइल सरळ ठेवण्यासाठी साच्याचे पाइल घालतात आणि नंतर उपटतात. घालताना आवाज, उपटतानाही आवाज, आणि दोन्हींचे दिवस धरावे लागतात. तळातल्या खडकात हॅमर-ड्रिलने भोक पाडणार असाल तर त्याला दोन्ही निकष लागतात : इजेसाठी तुटक आवाजाचा, वर्तनासाठी अखंड आवाजाचा.

दुसरी चूक संख्येची. अंदाज बांधतात तो असा : दर चौरस किलोमीटरला किती प्राणी, गुणिले क्षेत्र, गुणिले दिवस. घनता ०.०५, क्षेत्र ४० चौरस किलोमीटर, दिवस २० असतील तर ४०. परवाना लवकर मिळावा म्हणून दिवस कमी दाखवण्याचा मोह होतो. मग एखाद्या जातीची मंजूर संख्या संपली, किंवा यादीत नसलेली जात दिसली, की ती पुन्हा त्रासाच्या क्षेत्राजवळ आल्यावर दर वेळी हॅमर बंद ठेवावा लागतो. एकट्यादुकट्याने नव्हे तर कळपाने फिरणाऱ्या जातीसाठी सूत्रातून १ किंवा २ आले तरी निदान एका कळपाएवढी संख्या मागावी.

तिसरी वेळेची. एक वर्षाच्या परवान्यासाठी ५ ते ८ महिने आधी अर्ज द्यावा. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या सूचनांसाठीच ३० दिवस असतात. संकटग्रस्त यादीतली जात असेल तर वेगळी औपचारिक सल्लामसलत लागते आणि तिला १३५ दिवसांपर्यंत मुदत आहे. वॉलरस, समुद्री ऑटर, मॅनटी किंवा ध्रुवीय अस्वल असेल तर अर्ज नोआकडे नाही, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे जातो.

प्रश्न : इतर देशांत असेच परवाने आहेत का?

पद्धती वेगळ्या आहेत. जर्मनीत समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी पाइलपासून ७५० मीटरवर एका ठोक्याची ध्वनिऊर्जा १६० डेसिबलच्या आत आणि शिखर १९० च्या आत ठेवावे लागते. कसे ते ठेकेदाराने पाहावे. ब्रिटनमधल्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत किमान ५०० मीटरचे क्षेत्र, ३० मिनिटांची पाहणी आणि किमान २० मिनिटांची हळू सुरुवात आहे. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव इथल्या समुद्री पवनचक्क्यांच्या कामात पाइलिंगचा परिणाम पॉर्पॉइजवर सुमारे २० किलोमीटरपर्यंत दिसला होता. तेवढ्या अंतरावर दुर्बीण चालत नाही, म्हणून उगमापाशीच आवाज बांधणारी जर्मन पद्धत आम्हाला जास्त पटते.

प्रश्न : कामाच्या जागी मेलेला किंवा जखमी प्राणी सापडला तर काय करायचे?

त्याला पाण्यात ढकलू नये, ओढू नये, जवळ गर्दी करू नये. वेळ, जीपीएस स्थान, जात, शरीराची अवस्था आणि त्या वेळी कोणते यंत्र चालू होते ते लिहून फोटो घ्यावेत, आणि नोआच्या संरक्षित प्राणी कार्यालयाला व त्या भागातल्या स्ट्रँडिंग समन्वयकाला (किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांचे काम पाहणाऱ्याला) लगेच कळवावे. मृत्यू किंवा जखम उघडपणे कामामुळे असेल तर काम त्याच क्षणी बंद. नोआने तपासून लेखी कळवेपर्यंत हॅमर चालवता येत नाही. ही नोंद काम संपल्यावर ९० दिवसांत द्यायच्या अहवालातही घालावी लागते, म्हणून मूळ कागद साइटवरच्या कार्यालयात न ठेवता त्याची प्रत त्याच दिवशी बाहेर पाठवावी.