पिकअपला हिवाळ्यात टायर कोणते घ्यावेत, आणि बसवून कुठे घ्यावेत?

प्रश्न : कोल्हापूरहून कॅनडातल्या कॅल्गरीला येऊन आम्हाला दीड वर्ष झाले. या उन्हाळ्यात मी एक वापरलेली फोर्ड एफ-१५० पिकअप घेतली. ती फोर बाय फोर असून तिला २० इंची रिम आणि ऑल-सीझन (बारमाही) टायर आहेत. टायरांची निम्मी नक्षी शिल्लक आहे. डिसेंबरात मुलांना घेऊन रॉजर्स पासच्या घाटातून रेव्हलस्टोकला जायचे आहे. एक मित्र म्हणतो, फोर बाय फोर असताना वेगळे टायर कशाला? एका दुकानदाराने दहा प्लायचे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांचे) टायर सुचवले. कोणाचे ऐकावे? आणि चांगले दुकान कसे ओळखावे?
— एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. फोर बाय फोरमुळे गाडी बर्फातून सुटते आणि चढ चढते. मात्र ब्रेक साध्या मारुतीलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या आणि वळण्याच्या बाबतीत तुमची गाडी तिच्यापेक्षा तसूभरही सरस नाही. वजन अधिक असल्याने एकदा घसरली की आवरायला मात्र जड. थांबवण्याचे काम शेवटी रस्त्याला टेकलेले तळहाताएवढे रबरच करते. ऑल-सीझन टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, आणि उणे वीसला तर रस्त्यातले बारीक खाचखळगे पकडण्याइतका मऊपणा त्यात उरत नाही. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त ठेवून ते थंडीतही लवचिक राहील असे केलेले असते, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारावेत तसे असंख्य बारीक काप असतात. बर्फावरची पकड या कापांच्या कडा देतात.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असे चिन्ह आहे का, ते आधी पाहा. नुसते ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे उत्पादकाने नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापलेले असते. डोंगराचे चिन्ह मिळवण्यासाठी मात्र दाबलेल्या बर्फावरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तरीही एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत : ही चाचणी गाडी पुढे ओढण्याच्या पकडीची आहे, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची नाही. त्यामुळे चिन्ह असलेला ऑल-टेरेन टायर ताज्या बर्फात चांगला चालतो, पण त्याचे ठोकळे मोठे आणि काप थोडे असल्याने चौकातल्या चकचकीत बर्फावर तो खऱ्या हिवाळी टायरपेक्षा बराच मागे पडतो. कॅल्गरीत हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण इथे चिनूक हा डोंगराकडून येणारा उबदार वारा सुटला की काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो, बर्फ वितळतो आणि रात्री त्याच पाण्याचा आरसा होतो.

आता दहा प्लायविषयी. प्लाय म्हणजे टायरच्या आतला कापडाचा थर. थरांचा हा आकडा जुन्या काळातला असून आज तो फक्त ताकदीची श्रेणी दाखवतो. ‘ई’ श्रेणीच्या अशा टायरमध्ये ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरता येते. पाऊण टनी किंवा एक टनी ट्रकला (हे आकडे भार वाहण्याच्या श्रेणीचे, गाडीच्या वजनाचे नव्हेत), अथवा रोज जड ट्रेलर ओढणाऱ्याला तो आवश्यकच आहे. अर्धा टनी एफ-१५०मध्ये मुले आणि सामान घेऊन फिरणाऱ्याला मात्र तो बहुधा नको, कारण त्याची भिंत ताठ असते आणि रिकामी गाडी त्यावर उसळत चालते. शिवाय तेवढेच वजन पेलायला त्याला मूळच्या टायरपेक्षा अधिक हवा लागते, हे न समजणारा मेकॅनिक जुन्याच आकड्याला हवा भरून तुम्हाला मोकळा करतो. ड्रायव्हरचे दार उघडल्यावर खांबावर एक पट्टी दिसेल. तिच्यावर दिलेला टायरचा आकार आणि हवेचा दाब हाच तुमचा आधार. वजनाचा निर्देशांक, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, मूळच्या टायरच्या खाली जाऊ देऊ नका.

चारही टायर एकाच जातीचे घ्या. फक्त मागे दोन बसवले, तर पुढची चाके वळणावर सरळच निघून जातात. शक्य असल्यास हिवाळ्यासाठी १७ किंवा १८ इंची साध्या लोखंडी रिमचा वेगळा संच करा, मात्र ती रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे दुकानाकडून आधी तपासून घ्या. लहान रिमवरचा टायर स्वस्त पडतो, आणि दर मोसमात टायर रिमवरून काढून पुन्हा चढवण्याचा खर्च वाचतो. (जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली तयार झाला, तोही ट्रकसाठी, मोटारींची पाळी नंतर आली.)

तुमच्या अल्बर्टा प्रांतात हिवाळी टायरची सक्ती नाही, पण तुम्ही जाणार आहात त्या ब्रिटिश कोलंबियातल्या घाटरस्त्यावर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात ती आहे. तिथे ‘एम अँड एस’ कायद्याला चालते, मात्र नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी. माझ्या मते ५ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर या घाटात नेऊच नये. आपल्याकडे टायर पार गोटा होईपर्यंत चालवण्याची सवय असते. ती इथे सोडावी लागते.

दुकानाची पारख मी त्याच्या प्रश्नांवरून करतो. गाडीत काय वाहता, ट्रेलर लावता का, डोंगरात किती वेळा जाता, हे न विचारता जो थेट भाव सांगतो, त्याला शिल्लक माल खपवायचा असतो. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक स्वतः वाचा : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चार-पाच वर्षे गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळतात का, ते काचेतून उभे राहून पाहा. एका दुकानात माझ्या ट्रकचे नट नुसत्या एअर गनने आवळले गेले आणि तिसऱ्या दिवशी पुढचे चाक थरथरू लागले. दोन नट बोटांनी फिरत होते. चांगले दुकान शंभर किलोमीटरच्या आत परत बोलावून नट फुकट तपासून देते. नायट्रोजन भरण्यासाठी वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

भेटीची वेळ सप्टेंबरातच ठरवा. पहिला बर्फ पडल्यावर साऱ्या शहराला एकाच दिवशी टायरची आठवण होते, आणि तुमच्या मापाचे संपलेले असतात. पुढे महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा तपासा. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की १ पीएसआय हवा कमी होते. म्हणजे १५ अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे २५ला सात पीएसआयने उतरलेली दिसेल. पिकअपची मागची बाजू रिकामी असताना हलकी असते, म्हणून मागच्या अॅक्सलच्या वर वाळूच्या काही पिशव्या ठेवा, पण पट्ट्याने घट्ट बांधून. ब्रेक मारल्यावर सुटलेली पिशवी पुढे येते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहरातून कॅल्गरीपर्यंत अठरा चाकी ट्रक नेऊ लागला आहे. त्यालाही असेच हिवाळी टायर लागतात का?
— एक वाचक, सरी

उत्तर : इतक्या मोठ्या ट्रकच्या बाबतीत कायद्याचा भर टायरवर चढवायच्या साखळ्यांवर आहे. ११,७९४ किलोहून जड व्यापारी वाहनाला ब्रिटिश कोलंबियात हिवाळी मोसमात ठरलेल्या मार्गांवर साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात, आणि रस्त्यावर तसा फलक लागल्यावर त्या चढवाव्या लागतात. टायरच्या दुकानातून साखळी घेताना टायरचे नेमके माप सांगावे, कारण सैल साखळी टायरही फाडते आणि मडगार्डही. भावाला म्हणावे, ऑक्टोबरच्या आधी एकदा कोरड्या यार्डात, जाड हातमोजे घालून ती चढवून आणि उतरवून बघ. रात्री दोन वाजता घाटाच्या पायथ्याशी ती पहिल्यांदा उलगडू नको.