मराठी मीडियमची आहे, एमए इंग्लिश झेपेल का?

प्रश्न: ताई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्लिश स्पेशल. शाळा सगळी मराठीत झाली. वर्गात सर नोट्स सांगतात, आम्ही उतरवून घेतो, परीक्षेआधी गाइड वाचतो आणि साठ टक्के पडतात, पण खरं सांगायचं तर शेक्सपिअरचं हॅम्लेट मी मुळातून वाचलेलंच नाही. मला एमए करून अनुवाद करायचाय. मैत्रिणी म्हणतात कॉन्व्हेंटच्या मुलींपुढे तुझा टिकाव लागणार नाही. काय करू?

उत्तर: अगं कर एमए, अगदी जरूर कर, फक्त ते गाइड आजच कुणाला तरी देऊन टाक.

मराठी मीडियमची काळजी करतेस ना, तर मग हॅम्लेटचाच एक प्रसंग बघू. तिसऱ्या अंकात राजपुत्र हॅम्लेट आईच्या, म्हणजे राणीच्या, खोलीत येतो. ती म्हणते, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस (म्हणजे सावत्र वडिलांना), आणि हा तिचंच वाक्य जसंच्या तसं तिच्यावर उलटवतो, की माझ्या वडिलांना (म्हणजे वारलेल्या सख्ख्या वडिलांना) दुखावलंय ते तुम्ही. शेक्सपिअरच्या इंग्लिशमध्ये एकेरी दाऊ आणि आदरार्थी यू असे दोन्ही शब्द होते, आता फक्त यू उरलाय. आई सुरुवात करते दाऊने, मुलगा उत्तर देतो यूने, आणि पुढच्याच वाक्याला तीही यूवर येते. का? कारण ती चिडलीय. आपल्याकडे आई रागावली की काय म्हणते, 'हो का, फार शहाणे झालात तुम्ही!' तेच हे. इंग्लिश मीडियमच्या मुलांना हे तळटीप वाचून कळतं, तुला ते घरात ऐकून माहितीये.

पण थांब, खरी मजा पुढेच आहे. मुलाच्या तोंडचा यू मराठीत कसा आणशील? आपण आईला तूच म्हणतो, तिथे राणीला यू म्हणणं ही साधी रीत होती. म्हणजे 'तुम्ही' लिहिलं तर मराठीत ते फारच तुटक, झोंबरं वाटणार, आणि 'तू' लिहिलं तर दरबार गेला, दोघांमधलं अंतर गेलं. राजघराण्यातलं 'आईसाहेब, आपण' चालेल का? मला वाटतं चालेल, पण मग पुढे त्याचा तोल सुटतो तिथे काय करायचं हे आत्ताच ठरवावं लागेल. एवढ्या दोन ओळींवर एक अख्खी दुपार जाते आणि हेच तर अनुवादाचं काम आहे, डिक्शनरी उघडून शब्दाला शब्द लावणं नाही.

मर्ढेकर, विंदा करंदीकर, नेमाडे हे सगळे इंग्लिश शिकवणारे होते आणि लिहिलं मराठीत. विंदांनी तर किंग लिअर मराठीत आणलं. दोन्ही भाषा घट्ट धरून ठेवता येतात गं, एक सोडली की दुसरी येते असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस.

आता अडचणीचं बोलू. इंग्लिश बोलताना अडखळशील, सेमिनारला हात वर करायला भीती वाटेल, पहिले काही महिने जड जातील. त्यावर उपाय म्हणजे रोज एक पान मोठ्याने वाचायचं, खोलीत कुणी नसलं तरी. नाटकासाठी आर्डन या मालिकेतली प्रत लायब्ररीत शोध, त्यात पानाखालीच टिपा असतात. विकत घेऊ नकोस, महाग पडते.

पैशाचंही स्पष्ट सांगते, नुसत्या पुस्तकांच्या अनुवादावर घर चालवणं अवघड आहे. त्यामुळे एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि सोबत नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) हे डोक्यात ठेव, म्हणजे सीनियर कॉलेजात शिकवायची वाट मोकळी राहील. सबटायटल्सची, कागदपत्रांच्या भाषांतराची कामंही असतात, ती कमी समजू नकोस.

अ‍ॅडमिशनला अजून वेळ आहे. तोवर तो आईच्या खोलीतला प्रसंग, राजाचा मंत्री पोलोनिअस पडद्याआडून ओरडतो तिथपर्यंत, तुझ्या मराठीत करून बघ, घरी बोलता त्या मराठीत केलंस तरी चालेल. तो झाल्यावरच, आधी नाही, आगरकरांनी १८८३ साली केलेलं हॅम्लेटचं मराठी रूप, विकारविलसित, मिळवून वाच आणि तोच प्रसंग काढून त्यांनी आई-मुलाच्या तोंडी काय घातलंय ते तुझ्या वहीशेजारी ठेवून बघ.