दिलीप प्रभावळकर अभिनेते असूनही मुलांसाठी लिहू कसे लागले?

नटाने उतारवयात हौस म्हणून लेखणी हाती घेतली, असे आपल्या प्रश्नातील ‘असूनही’ या शब्दात गृहीत धरलेले दिसते. प्रभावळकरांच्या बाबतीत तसे झालेले नाही. 1944 साली जन्मलेल्या या नटाची मुलांशी गाठ पडली ती रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यांतून. ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण ही त्यांचीच भूमिका होती. (आजची मुले चिंची म्हणून दुसऱ्याच नटाला ओळखतात, हा भाग वेगळा.) पुढे दूरदर्शनवरील चिमणरावांनी त्यांना घरोघरी नेले आणि ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचू या बाहुल्याने एका अख्ख्या पिढीला बाहुल्यांची धास्ती घालून ठेवली.

लेखन या सगळ्याला समांतर चालूच होते. क्रिकेटवरील मिश्कील लेखन त्यांनी ‘गुगली’मध्ये केले, तर ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ या सदरातून टिपरे कुटुंबाची रोजनिशी लिहिली, जिच्यावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका निघाली आणि तिच्यातले आबाही त्यांनीच साकारले. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा वेगवेगळी माणसे स्वतःच उभी केली. त्यांतले वयोवृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना माझे म्हणणे पटावे: हा लेखक पात्राचा आवाज आधी ऐकतो आणि मग त्याला वाक्ये देतो.

‘बोक्या सातबंडे’ या त्यांच्या बालकथांच्या नायकाचा जन्मही असाच कानांतून झाला, कारण तो मुळात आकाशवाणीसाठी लिहिलेला होता आणि पुस्तकरूपाने नंतर आला. चिन्मयानंद हे भारदस्त नाव असलेला हा मुलगा वात्रट आहे, पण दुष्ट नाही. दुसऱ्याची अडचण दिसली की तो त्यात नाक खुपसतो आणि मोठ्यांना ज्या गोष्टी सांगायला संकोच वाटतो, त्या सहज बोलून जातो. लेखक येथे मुलांना उपदेशाचे डोस पाजत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. काही कथांत मोठी माणसे जरा लवकरच वरमतात, हे मात्र खरे. पण संवाद इतके चुरचुरीत आहेत की वाचताना ते खटकत नाही. या पुस्तकाला 2011 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्याआधी 2009 मध्ये त्यावर चित्रपट आला होता, आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ व ‘शेवरी’ यांतील भूमिकांसाठी प्रभावळकरांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभला होता.

आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी कोणते पुस्तक घ्यावे, असेही आपण विचारले आहे. राजहंस प्रकाशनाने काढलेल्या बोक्याच्या भागांपैकी पहिला घ्यावा आणि सुरुवातीच्या एक-दोन कथा आपणच मोठ्याने वाचून दाखवाव्यात. गोष्टी स्वतंत्र असल्यामुळे दुकानात मधलाच एखादा भाग मिळाला, तरी काही अडणार नाही.