पुल रिक्वेस्टचं बटण दाबवेना

"मॅडम, कोड मला येतो. पण तो चारचौघांत ठेवायचा म्हटलं की हात चालत नाही."

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्यांदाच काही करू पाहणाऱ्यांकडून ही तक्रार मी समुपदेशनात वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. त्यातलीच ही एक हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती नोकरीत चांगली रुळलेली प्रोग्रॅमर. रोजच्या वापरातल्या एका लायब्ररीत (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचात) तिला बग, म्हणजे चूक, सापडला होता. तिने फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत) घेतला, बदलांसाठी वेगळी ब्रँच केली, दुरुस्ती लिहिली, टेस्टही पास झाल्या. फक्त पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या' ही जाहीर विनंती, पाठवायची राहिली होती. ती पाठवायची सोडून रोज रात्री कमिट मेसेज (बदलासोबतची टीप) बदलत बसायची. "मला बहुतेक इम्पोस्टर सिंड्रोम आहे," हे निदानही तिने सोबतच आणलं होतं. म्हणजे काम येत असूनही आपण तोतया आहोत आणि कधीतरी पकडले जाऊ, असं वाटत राहणं.

हल्ली हे लेबल लोक घरूनच लावून येतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये या अनुभवाचं वर्णन केलं, तेव्हापासून तो चर्चेत आहे. पण मानसिक आजारांच्या यादीत तो नाही. शिवाय हिला ते लागूही धड पडत नव्हतं. ऑफिसात सहकारी तिचा कोड रोज तपासत होते आणि तिथे तिची झोप उडत नव्हती. तिला धास्ती होती ती अनोळखी नजरेची.

"समजा पाठवलीत. मग?"

"लोक म्हणतील, हिला एवढंही कळत नाही. आणि ते कायम तिथं राहील. उद्या नोकरी देणारा वाचेल."

कायम राहील, हे खरंच आहे. त्यावर मी खोटा दिलासा दिला नाही. पण वाचणार किती जण? थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्याला ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही तो नीटसा लक्षात आला नव्हता. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे पाव लोक बघतातच ना!" प्रोग्रॅमरशी आकड्यांत बोलू नये, हेच खरं.

तिची भीती अगदीच निराधारही नव्हती. काही प्रकल्पांत नवख्याला खरोखर फाडून खातात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे (कर्नेलचे) जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या ईमेलमधल्या जिव्हारी लागणाऱ्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली होती आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले होते. त्यामुळे "घाबरू नका, सगळे छान असतात" असं मी कोणालाच सांगत नाही. मी तिला म्हटलं, कोड पाठवण्याआधी त्या प्रकल्पातल्या बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट वाचा. नवीन माणसाला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, कसं उत्तर देतात? नकार देताना कारण सांगतात का? शेवटचा मर्ज, म्हणजे बदल स्वीकारून मूळ कोडमध्ये मिसळणं, कधीचा आहे? आचारसंहितेची फाइल काय, कोणीही टाकतं. खरी वागणूक या जुन्या संभाषणांत दिसते.

हा प्रकल्प त्या मानाने सभ्य निघाला. मग आम्ही भीतीच्या पायऱ्या केल्या. अगदी खालची पायरी म्हणजे दुसऱ्याने नोंदवलेला बग आपल्या मशीनवर येतो का ते पाहायचं आणि आवृत्तीसकट तेवढंच लिहायचं. वरची म्हणजे स्वतःचा कोड. मधे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची लेखी माहिती सुधारणं, सुचवलं, तेव्हा तिने नाक मुरडलं: "ते काय खरं योगदान!" तिच्या नाक मुरडण्यात थोडं तथ्य आहे. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावण्याचा उपक्रम. २०२० साली त्यात बक्षिसाच्या टी-शर्टच्या आशेने लोकांनी निरर्थक बदलांचा इतका पूर आणला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून सहभाग प्रकल्पांच्या संमतीवर ठेवावा लागला. पण इन्स्टॉल करताना जिथं ती स्वतः अडली होती, ती गाळलेली पायरी लिहून देणं हे निरर्थक कसं? तिने ती लिहिली. ती लगेच स्वीकारली गेली.

कोडची पुल रिक्वेस्ट तिने 'ड्राफ्ट', म्हणजे अजून कच्चा मसुदा, म्हणून पाठवली. आणि मग काहीच झालं नाही. उत्तर येईना. माझ्या मते टीकेपेक्षा ही शांतता जास्त छळते, कारण तिच्यात आपण आपल्याला हवं ते ऐकतो. तिने ऐकलं, "फालतू आहे म्हणून दुर्लक्ष केलं." मेंटेनर बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, फुकट हे काम करतात, हे तिला ठाऊक होतं; फक्त स्वतःच्या बाबतीत आठवत नव्हतं. आठवण करून देणारी एक साधी ओळ लिहायची, एवढंच ठरलं.

उत्तर आलं ते घेऊन ती तडक माझ्याकडे आली. चेहरा पडलेला. मजकूर असा होता: "हे तपासणं पार्सरमध्ये नको, त्याच्या आधी हवं. रिकाम्या इनपुटची टेस्ट जोडा. बाकी ठीक." (पार्सर म्हणजे आलेला मजकूर वाचून उलगडणारा भाग.)

मी तो कागदावर उतरवला आणि पेन तिच्या हातात दिलं. "यात जे तुमच्याबद्दल आहे ते अधोरेखित करा." तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग "टेस्ट जोडा"खाली रेघ मारली, स्वतःच खोडली. "हे टेस्टबद्दल आहे," म्हणाली. तेव्हा तिला दिसलं की शेवटचे दोन शब्द तिने वाचलेच नव्हते.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. हीच धास्ती फोन उचलताना, मीटिंगमध्ये तोंड उघडतानाही येत असेल, तर प्रश्न ओपन सोर्सचा राहत नाही. तिथे नियमित उपचार लागतात. हिचं तसं नव्हतं.

तिचा बदल मर्ज झाला. त्यानंतरचा मात्र नाही: त्यातला बग दुसऱ्या कोणीतरी आधी दुरुस्त केला होता, म्हणून तो बंद झाला. हे तिने मला निघता निघता, चप्पल घालताना सांगितलं. "त्याची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती," म्हणाली आणि पुढची वेळ विचारली; तिला आता तिच्या टीम लीडबद्दल बोलायचं होतं.