टाकीतले सेंडर आणि पेट्रोलचा वास

प्रश्न : माझ्या जुन्या मॉरिस मायनर गाडीतील पेट्रोलचा काटा हलेनासा झाल्याने टाकीतले सेंडर (पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग) बदलून घेतले. काटा आता नीट चालतो. पण टाकी भरली की डिकीत पेट्रोलचा वास येतो. काय चुकले असावे?

उत्तर : वास टाकी भरल्यावरच येतो, त्या अर्थी सेंडर ज्या चकतीने टाकीवर स्क्रूंनी बसवलेले असते, त्या चकतीपाशी गळती असण्याची शक्यता अधिक आहे. दुरुस्ती होईपर्यंत टाकी अर्ध्याच्या वर भरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चकतीच्या स्क्रूंची भोके थेट टाकीत उघडत असतील, तर गॅस्केट (चकतीखालची गळतीरोधक पट्टी) कितीही चांगले असले तरी पेट्रोल स्क्रूंच्या आट्यांवाटे वर येते. म्हणून आट्यांनाही पेट्रोलमध्ये न विरघळणारे सीलंट लावावे लागते. बाथरूमसाठी मिळणारे साधे सिलिकॉन वापरू नये, कारण ते पेट्रोलमध्ये फुगते आणि त्याचे तुकडे सुटून इंधननळीत अडकतात.

आधी बॅटरी सोडवा आणि काम उघड्यावरच करा. जुन्या गॅस्केटचे कण लाकडी पट्टीने खरवडा, टाकीच्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरून ती कुठे दबली आहे का ते पाहा, मग स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी व्हायटॉनचे (इंधनात टिकणाऱ्या रबराचे) गॅस्केट घ्यावे. सेंडरचे अर्थिंग बहुधा याच स्क्रूंमधून होते. सीलंटनंतर काटा बिघडल्यास चकतीपासून बॉडीला वेगळी तार जोडावी.