‘तुमची इच्छा’ ऐकून घाबरलेली आई

“मॅडम, आमची बाय अजून दहा वर्षांची. तिला असली लस आत्ताच कशाला?” एचपीव्ही म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. त्याच्या लशीबद्दल हा प्रश्न मी गोव्यातल्या फोंड्यात इतक्या आयांकडून ऐकला आहे, की त्यांतल्या एकीची गोष्ट इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती मुलीच्या परीक्षेच्या धास्तीपायी. लशीचा विषय ओघात निघाला. “डॉक्टर म्हणाले, तशी एक लस आहे, तुमची इच्छा असेल तर गणेशचवथीनंतर बघू.” मग तीन भेटी ती शंका मांडत राहिली. सासूबाई काय म्हणतील? पुढे मूल होताना अडचण आली तर? बायला भलती सूट दिल्यासारखं होईल का? मी मध्ये बोलले नाही. माणसाच्या मनातलं पुरतं बाहेर आल्याशिवाय माहिती आत शिरत नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे आणि इतक्या वर्षांत तो वाढतच गेला आहे.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “मध्यंतरी बायला धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन दिलंत, तेव्हा किती दिवस विचार केलात?”

ती गप्प झाली. “तेव्हा कोणी विचारलंच नाही. आज इंजेक्शन आहे म्हणाले, दिलं.” थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “पण ह्या लशीच्या वेळी डॉक्टर खाली बघून ‘तुमची इच्छा’ म्हणाले ना, तेव्हाच मला वाटलं, ह्यात काहीतरी आहे.”

मला लख्ख उमगलं. शरीरसंबंधाचा विषय निघेल म्हणून डॉक्टर संकोचले, आणि आईला त्या संकोचात धोका दिसला.

त्यानंतर माहितीला पाच मिनिटं पुरली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखं प्रथिन असतं. तिच्यामुळे वंध्यत्व येत नाही. संसर्गाआधी घेतली तर ती सर्वांत उपयोगी, आणि लहान वयात शरीर जास्त जोमाने प्रतिकारशक्ती तयार करतं. म्हणूनच आपल्याकडे खासगी डॉक्टर साधारणपणे ९ ते १४ वयात दोन डोस देतात, पंधरापासून तीन.

डॉक्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलीच्या आईकडे बघून सरळ म्हणा, “आज दोन इंजेक्शनं आहेत, एक धनुर्वाताचं आणि एक कॅन्सर टाळणारं.” मग थांबा. ती विचारेल ते शेवटपर्यंत ऐका. नको म्हणाली तर हुज्जत घालू नका, पुढच्या भेटीत पुन्हा विषय काढा. आणि आयांनो, लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी लागतेच, हे विसरू नका.

चवथीची वाट न बघता ती बायला घेऊन गेली. “आई, हे कसलं गो?” बायने विचारलं. “मोठेपणी कॅन्सर होऊ नये म्हणून,” तिने सांगितलं, न अडखळता. दुसरा डोस शिगम्याच्या सुमारास आहे.