'बुकोलिक' काव्यातली गाय

विचारणा अशी आहे : प्राचीन ग्रीकांच्या 'बुकोलिक' काव्याचे, म्हणजे गुरे-शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांच्या तोंडी गाणी घालणाऱ्या काव्याचे, नाव गाईगुरांवरून पडले असताना त्यातील पात्रे बहुधा शेळ्यामेंढ्याच का राखतात, आणि मराठीत त्याला 'गोपगीत' म्हणावे काय?

'बूकोलोस' म्हणजे गुराखी. यातील 'बूस' हा संस्कृत 'गो'चा सगोत्र असून 'कोलोस' हा अंश 'चर्' धातूच्या कुळातला आहे. आपण गुरे 'चारतो' ते याच नात्याने. शेळ्या राखणारा तो 'आइपोलोस' आणि मेंढपाळ तो 'पोइमेन', असे वेगळे शब्द ग्रीकमध्ये होतेच. तरीही 'बूकोलोस'वरून झालेले क्रियापद फार लवकर सैलावले होते. 'इलियड'च्या विसाव्या सर्गात ट्रॉयच्या राजघराण्याचा पूर्वज एरिक्थोनिओस याच्या ३००० घोड्या पाणथळ कुरणात चरतात, तेथेही होमर हेच क्रियापद वापरतो. आपल्याकडेही म्हशी बांधल्या तरी गाईवरून आलेल्या 'गोष्ठ'चा 'गोठा'च राहतो, त्यातलाच हा प्रकार.

या काव्याला रूप देणारा थिओक्रिटस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, सिसिलीतील सिराक्यूजचा. त्याच्या पहिल्याच कवितेत थिर्सिस नावाचा मेंढपाळ एका शेळीवाल्याला, मरणासन्न डाफ्निस या गुराख्याचे गाणे ऐकवतो, आणि तरीही शेळीवाला त्याची स्तुती करतो ती 'बुकोलिक' गायनात पारंगत म्हणून. पाचव्या कवितेत एक शेळीवाला आणि एक मेंढपाळ शिव्याशाप देत गाण्याची चढाओढ लावतात. त्या गाण्यालाही त्यांचा शब्द 'बूकोलिआझ्देस्थाइ' हाच. म्हणजे कवीच्या हयातीतच गाय मागे पडून शब्दाला 'राखणदारांच्या रीतीने गाणे' असा अर्थ आला होता. मात्र गुराख्याचा मान टिकून होता : पहिल्या कवितेत सुफलतेचा देव प्रिआपोस डाफ्निसला 'तू म्हणे गुराखी, आता तर शेळीवालाच शोभतोस' असे हिणवतो, आणि सगळ्या प्रकाराला नाव गुराख्याचेच का मिळाले याचे उत्तर मला त्या टोमण्यात दिसते.

उगमाच्या जुन्या कथा मात्र जपूनच घ्याव्यात. इ.स.पू. पहिल्या शतकातला सिसिलीचा इतिहासकार डायोडोरस डाफ्निसलाच या गाण्याचा जनक ठरवतो, तर प्राचीन टीकाकार आर्टेमिस देवीच्या उत्सवात खेडुतांनी गायिलेल्या स्तोत्रांकडे बोट दाखवतात. गुराख्यांची गाणी सिसिलीत असतीलही. पण आपल्या हाती आहे ते महाकाव्याच्या षट्पदी (हेक्झामीटर, ओळीत सहा गणांच्या) वृत्तातले, ग्रीकच्या डोरिक बोलीला घासूनपुसून घडवलेले काव्य, आणि त्याचा कर्ता अलेक्झांड्रियात इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याची प्रशस्ती गाणारा विद्वान कवी आहे.

'गोपगीत' हा शब्द व्युत्पत्तीने चोख आहे, परंतु गौळणी ऐकत वाढलेला मराठी वाचक 'गोप' म्हणताच गोकुळात पोहोचतो. 'जानपद गीत' समीक्षेत रुळलेले आहे, पण त्यात शेतकरीही येतो. माझे मत 'गुराखीगीत' या शब्दाकडे झुकते. त्यात शेळ्यामेंढ्या बसतात आणि कृष्ण डोकावत नाही.